एज कॉम्प्युटिंग: नेट गेलं की सगळंच ठप्प? या चुका टाळा

डेटा जिथे तयार होतो तिथेच, म्हणजे कॅमेऱ्याशेजारी किंवा मशीनच्या पॅनलमध्ये, त्यावर प्रक्रिया करायची आणि क्लाउडला फक्त निष्कर्ष पाठवायचा, हे एज कॉम्प्युटिंग. ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी डेटा तयार करतो. त्याऐवजी 'गेटवर माणूस, ही वेळ, हा फोटो' एवढंच पाठवलं की काही एमबीत भागतं. दर पाच मिनिटांनी एकच तापमान पाठवायचं असेल, तर मात्र या खटाटोपाची गरज नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डिव्हाइस जागेवर बसवायचं आणि निर्णय क्लाउडवर सोडायचा. मोटर थांबवायला सर्व्हरची परवानगी लागत असेल, तर नेट गेल्यावर मोटर चालूच राहील. राउटरची बाहेरची केबल चार तास काढून ठेवा आणि बघा: निर्णय होतात का? नोंदी साठतात का? केबल जोडल्यावर त्या सगळ्या सर्व्हरवर पोहोचतात का?

बहुतेक वेळा घोळ साठवणीत असतो. एमक्यूटीटीत (डिव्हाइसकडून सर्व्हरला छोटे मेसेज पाठवायची पद्धत) क्यूओएस ०, म्हणजे पोच न मागता एकदाच पाठवणं, ठेवलं तर लाइन तुटल्यावरच्या नोंदी गेल्याच. क्यूओएस १, म्हणजे पोच येईपर्यंत पुन्हा पाठवणं, ठेवून मॉस्किटोच्या (एमक्यूटीटीचे मेसेज पोचवणारं सॉफ्टवेअर) रांगेवर विसंबलात, तरी तिची मूळ मर्यादा १००० मेसेजची आहे. सेकंदाला एक नोंद धरली तर सतराव्या मिनिटाला रांग भरते. म्हणून नोंद आधी डिव्हाइसवरच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये लिहा आणि सर्व्हरची पोच आल्यावरच काढा. २०० बाइटची नोंद दर सेकंदाला, म्हणजे दिवसाला जेमतेम १७ एमबी. क्यूओएस १ मध्ये तीच नोंद दोनदा येऊ शकते, तेव्हा प्रत्येकीला डिव्हाइसचा आयडी आणि अनुक्रमांक द्या, म्हणजे सर्व्हरला दुसरी प्रत ओळखून टाकता येते. नेट परतल्यावर ताज्या नोंदी आधी, साठलेल्या नंतर थोड्याथोड्या पाठवा.

घड्याळाकडे सहसा लक्षच जात नाही. अशा कामाला वापरल्या जाणाऱ्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज गेली आणि परतली, पण नेट नसेल, तर वेळ मागे राहते आणि नोंदींवर चुकीची वेळ पडते. घड्याळ फारच मागे असेल तर टीएलएस सर्टिफिकेटही (सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हरची ओळख पटवणारं) नाकारलं जातं. डीएस३२३१ हे बॅटरीवरच्या घड्याळाचं मॉड्यूल लावा, वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा. रास्पबेरी पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते.

एसडी कार्डावर सतत लॉग (सिस्टीमच्या कामाच्या नोंदी) लिहिले की कार्ड झिजतं. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल सिस्टीम बिघडते. लॉग रॅममध्ये ठेवा, डेटासाठी एसएसडी वापरा.

टेबलावर नीट चालणारं एआय मॉडेल (उदा. फोटोत माणूस ओळखणारं) बंद पेटीत मंदावतं, कारण तापमान ८० अंश सेल्सिअसला पोहोचलं की रास्पबेरी पाय आपला वेग कमी करतो. पेटी बंद करून पूर्ण लोडवर तासभर चालवा, मगच बसवा. मॉडेलमधले ३२ बिटचे आकडे ८ बिटचे केले (आयएनटी८) की आकार सुमारे चौथाई होतो, पण अचूकता थोडी घसरू शकते. ती त्याच जागेच्या फोटोंवर पुन्हा मोजा.

अपडेटसाठी दोन पार्टिशन (साठवणीचे स्वतंत्र भाग) ठेवा, एकात जुनं सॉफ्टवेअर, दुसऱ्यात नवं: नवं सुरू झालं नाही तर डिव्हाइस आपोआप जुन्यावर परत येतं. आधी एकाच डिव्हाइसवर सोडा, दिवसभर लक्ष ठेवा, मग बाकीच्यांवर.