इगर्ज (चर्च) बंद असताना वाडा (गावातली वस्ती) जोडून कसा ठेवाल

२०२०च्या टाळेबंदीत झावळ्यांचा रविवार (पाम संडे) ५ एप्रिलला आणि ईस्टर १२ एप्रिलला आला. काजूची बोंडं पिकून पडत होती आणि चर्चचं दार बंद होतं. अशा वेळी पहिली धावपळ होते ती मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) मोबाइलवर दाखवण्याची. तीही हवीच, पण सुरुवात तिथून करू नका. ज्या आजीकडे साधा बटणांचा फोन आहे आणि मुलगा बोटीवर आहे, तिच्यापर्यंत ती मिस्सा पोचतच नाही. आधी फोनची साखळी बांधा.

वाड्यागणिक एक वही करा. फोन करणाऱ्या एकाकडे ८ ते १० घरं पुरेत. त्याहून जास्त दिली की चार दिवसांत फोन चुकू लागतात. वहीत घरातली माणसं, दोन नंबर (त्यातला एक शेजाऱ्याचा), औषध किती दिवस पुरेल आणि शेवटचं बोलणं कधी झालं, एवढं लिहा. एकट्या राहणाऱ्यांना रोज फोन, बाकीच्यांना आठवड्यातून दोनदा. सकाळी १० ते ११.३० किंवा संध्याकाळी ५ ते ६.३० ही वेळ बरी. दुपारी १ ते ४ माणसं आडवी झालेली असतात. ‘कशा आहात?’ विचारलं की ‘बरी आहे’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, ‘तिया (मावशी), काल रात्री काय जेवलात? गोळ्यांची पट्टी काढून बघा, किती उरल्यात?’ सलग दोनदा फोन उचलला नाही, तर लगेच शेजाऱ्याला उठवा. पोदेर (पाववाला) येत असेल तर त्यालाही सांगून ठेवा: दारावरच्या पिशवीत कालचा पाव तसाच दिसला, की कळव.

व्हॉट्सॲपवर वाड्याचा ग्रुप वेगळा ठेवा आणि चर्चच्या सूचनांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहू द्या. नाहीतर ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांखाली मिस्सेची वेळ हरवते. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर ज्यांनी तुमचा नंबर जतन केलेला नाही, त्यांना संदेश जात नाही. तो नंबर आधी फोनवरूनच जतन करायला लावा.

तेर्स (जपमाळेची प्रार्थना) एकत्र म्हणायचा तर झूमची फुकटातली ४० मिनिटं पुरतात. तेर्साला साधारण २० मिनिटं लागतात. त्यातली पाच दशकं (दहा-दहा प्रार्थनांचे भाग) पाच घरांना आदल्या दिवशी वाटून द्या. सगळ्यांनी एकदम म्हणायला गेलात की आवाज मागेपुढे पोचून गोंधळ होतो. म्हणून पुढारी एकच, त्याचाच माइक चालू. बाकीच्यांनी माइक बंद ठेवून घरात मोठ्याने उत्तर द्यायचं. भजनांचंही तसंच: कॉयरने एकत्र गाण्याचा हट्ट सोडा. नेट नसलेल्या आजीला शेजारच्या घरातून साध्या फोनवर जोडा आणि त्या फोनचा स्पीकर चालू करा.

मिस्सा दाखवायची असेल तर चित्रापेक्षा आवाजाची काळजी जास्त घ्या. उंच छताखाली मोबाइलच्या माइकवर घुमारा येतो, शब्द कळत नाहीत. फादरांना कॉलर माइक लावा किंवा चर्चच्या ध्वनिसंचातून थेट वायर घ्या. मोबाइल आडवा, स्टँडवर, वेदीपासून दोनएक मीटरवर ठेवा. फादरांच्या पाठीमागे खिडकी आली तर चेहरा काळा पडतो. जाड चिऱ्याच्या भिंतींमुळे आत नेटवर्क पडतं, तेव्हा राउटरपासून वायर ओढा आणि राउटर इन्व्हर्टरवर टाका. यूट्यूबवर नव्या खात्याला थेट प्रक्षेपणाची परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात. शनिवारी रात्री खातं उघडू नका. ध्वनिमुद्रित भजन लावलंत तर हक्कांच्या कारणाने आवाज कापला जाऊ शकतो, स्वतः गा.

झावळ्यांसाठी कोणी बाजारात जाऊ नये. प्रत्येक घराने आपल्याच माडाची कोवळी पात काढावी, हातभर लांब आणि बोटभर रुंद. रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली नाही तर वळताना मोडते. माड नसलेल्या घराला शेजाऱ्याने फाटकावर ठेवून द्यावी.

संध्याकाळच्या प्रार्थनेला घंटा वाजली की सगळ्यांनी आपापल्या बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) मेणबत्ती लावून उभं राहावं. वाड्याच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) एकानेच दिवा लावायचा. ईस्टरनंतर लादिनी (खुरसापाशी एकत्र म्हणायच्या प्रार्थना) सुरू होतात, त्यांनाही हीच रीत लावा. लादिनीनंतरचे उकडलेले चणे वाटता येणार नाहीत. पाव किलो सुके चणे पुडीत बांधून दारात ठेवा, ज्याने त्याने उकडावेत.

पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) यादी वेळीच घ्या. कोकम, चिंच, मिरची, कांदे, सुकी मासळी: एकट्या म्हाताऱ्यांना हे आणायला कोणी नाही, आणि पाऊस सुरू झाला की सुकवायला ऊन नाही. वाड्याची मागणी एका कागदावर करून एकाच परवानगीच्या गाडीतून आणा, घरागणिक पिशवीवर नाव लिहा आणि पैसे पाकिटात घ्या.