पेशीतील सजीव आणि निर्जीव घटक ओळखताना या चुका टाळा

कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी सूक्ष्मदर्शीखाली ठेवली, की विटांच्या भिंतीसारखी जी चौकट आधी डोळ्यांत भरते, तिलाच बहुतेक विद्यार्थी सजीव पेशी समजून मोकळे होतात. ती चौकट पेशीभित्तिकेची असते, म्हणजे जीवद्रव्याने (पेशीतल्या सजीव भागाने) स्वतःभोवती उभारलेल्या सेल्युलोजच्या निर्जीव कुंपणाची. तिला आतून चिकटलेले प्रद्रव्यपटल, म्हणजे जीवद्रव्याभोवतीचा पातळ पडदा, सजीव खरे, पण प्रयोगशाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शीत ते वेगळे दिसत नाही. रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्ये बुचाच्या कापात पाहिलेल्या पेशीही मृत पेशींच्या रिकाम्या भिंतीच होत्या.

आयोडीन टाकल्यावर केंद्रक ठळक दिसले, म्हणून पेशी जिवंत आहे असा निष्कर्ष वहीत लिहू नये, कारण आयोडीनने पेशी मरते. जिवंतपणा तपासायचाच असेल, तर ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी खालची साल सोलून पाण्यात पाहावी आणि मग तिच्यावर मिठाचे तीव्र द्रावण सोडावे. काही मिनिटांत जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून मध्यभागी आकसतो. पान आधी उकळलेले असेल, तर असे आकसणे दिसत नाही आणि रंग पाण्यात उतरतो. प्रयोग फसला तर मीठ कमी पडले का, हे आधी पाहावे. अनेकदा दोष तेवढाच असतो. येथे आणखी एक गफलत होते: जांभळा रंग रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीतल्या रसाने भरलेल्या पिशवीतल्या, रसात असतो आणि तो रस निर्जीव आहे, त्याला अडवून धरणारी पटले सजीव आहेत.

‘सजीव पेशीत असलेले सर्व सजीव’ हे गृहीतकच चुकीचे आहे. बटाट्याच्या पेशीतील स्टार्चचे कण म्हणजे साठवलेले अन्न. अळू घशाला खाजतो तो त्याच्या पेशींतील कॅल्शियम ऑक्सॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि म्हणूनच फतफत्यात चिंच घालण्याची रीत आहे. हे स्फटिक आणि कण वाढत असले तरी ती वाढ बाहेरून थर चढण्याची असते. निव्वळ ‘वाढ’ हा निकष लावणाऱ्यांची उत्तरे इथेच घसरतात.

याच्या उलट, निर्जीव म्हणजे निरुपयोगी असेही लिहू नये. झाडाच्या जलवाहिन्या पूर्ण तयार होतात तेव्हा त्यांतले जीवद्रव्य नाहीसे झालेले असते, आणि ती पोकळी असते म्हणूनच पाणी वर चढते. केस व नखांचा बाहेर दिसणारा भाग मृत, याबद्दल वाद नाही. हाडाबद्दल मात्र फार गोंधळ होतो. त्यातले कॅल्शियमचे क्षार निर्जीव असले, तरी त्यांत रुतलेल्या अस्थिपेशी आणि भोवतालच्या रक्तवाहिन्या जिवंत असतात, नाहीतर प्लास्टरमधले मोडलेले हाड जुळलेच नसते. त्यामुळे ‘हाड: निर्जीव’ असे एका शब्दात उत्तर न देता त्यातील पेशी आणि क्षार यांचा उल्लेख वेगवेगळा करावा.