सिंहगड चढलेले पाय आणि बोल्डरचे घाट

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, बोल्डर गावात मला दर ऑगस्टमध्ये एखादा तरी फोन येतोच. "दादा, बोल्डरला आलोय. पुण्यात दर रविवारी सायकलवर सिंहगड करायचो. इथे कुठला रूट मारू?" मी विचारतो, येऊन किती दिवस झाले? उत्तर येतं, "परवाच आलो." मग मी सांगतो, पंधरा दिवस सायकल फक्त दूध-भाजी आणायला वापर.

मुलांना वाटतं, म्हातारा घाबरवतोय. पण हिशोब साधा आहे. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आणि बोल्डर गाव १,६५५ मीटरवर. महाराष्ट्रात जिथे चढायला डोंगर उरत नाही, तिथून इथला चढ सुरू होतो. सायकलवाल्यांचं लाडकं गाव वॉर्ड तर जवळजवळ २,९०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. पाय तेच, गिअर तेच, पण छातीत वारा पुरत नाही. त्यात हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, उडून जातो. पुण्यात जर्सी भिजली की पाणी प्यायची आठवण व्हायची, इथे ती आठवण कुणी करून देत नाही. दोन बाटल्या घेऊन निघा आणि तहान लागायच्या आधी प्या.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट. ही मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून मी प्रत्येकाला सांगतो. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो. अमेरिकेत विकत घेतलेल्या सायकलचा पुढचा ब्रेक डाव्या हातात असतो. मला आलेला तिसरा आठवडा होता. उतारावर समोर हरीण आलं. मी सवयीने मागचा ब्रेक समजून डावा हात आवळला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मी थांबलो नाही. गळपट्टीचं हाड मोडलं. त्यातून दुसरा धडा मिळाला तो बिलाचा. जीवावर बेतलेलं नसेल तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाऊ नका, अर्जंट केअर म्हणतात त्या छोट्या दवाखान्यात जा, आणि आपला विमा कुठे चालतो ते हाड मोडायच्या आधी बघून ठेवा. सायकल घेतल्यावर पहिला तास रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नुसते ब्रेक मारा. हाताला कळायला डोक्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं, अडचण डावीकडे वळताना येते. आधी डाव्या खांद्यावरून मागे बघा, हात दाखवा, मग लेन बदला. इथला गाडीवाला हॉर्न वाजवून आपण आल्याचं सांगत नाही. हॉर्न वाजला तर तो चिडलाय असं समजा. कोलोरॅडोच्या कायद्यात ओव्हरटेक करणाऱ्या गाडीने सायकलपासून किमान ३ फूट अंतर ठेवायचं आहे. आणि २०२२ पासून चौक मोकळा असेल, कुणाचा हक्क मोडत नसेल, तर स्टॉपच्या पाटीला सायकलवाला वेग कमी करून, बघून पुढे जाऊ शकतो. लाल दिव्याला मात्र पूर्ण थांबायचं, आणि मग मोकळं असेल तरच निघायचं. पुण्याच्या सिग्नलची सवय म्हणजे हा कायदा नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

आपली बरीच मंडळी भाड्याच्या गणितामुळे बोल्डरऐवजी सुपीरियर, लुईसव्हिल, ब्रूमफील्डला राहतात. त्यांच्यासाठी हायवे ३६ च्या कडेने वेगळा सायकलमार्ग आहे, २०१६ साली पूर्ण झालेला. गाड्यांच्या बाजूने जातो, आवाज फार, पण सुरक्षित. गावात आलात की बोल्डर क्रीकच्या काठचा रस्ता धरा. मोठे चौक तो खालून पार करतो, सिग्नलच लागत नाही. वेगमर्यादा ताशी १५ मैल आहे आणि पोरं, कुत्री, आज्या सगळे त्यावर असतात, तेव्हा तिथे शर्यत लावू नका. पहिले पंधरा दिवस म्हणतो ते इथेच काढायचे.

डोंगराच्या रस्त्यांत पहिला फ्लॅगस्टाफ. बेसलाइन रोडने पश्चिमेला जात राहिलं की तोच रस्ता वर चढू लागतो. (हा बेसलाइन रोड ४० अंश उत्तर अक्षांशावर आखलेला आहे. इथे पाहुणे आले की मी हे हमखास सांगतो आणि ते हमखास दुर्लक्ष करतात.) वर टपालपेट्यांची रांग दिसते तिथपर्यंत गेलात तर चढाई सुमारे ६०० मीटर होते, म्हणजे पायथ्यापासून सिंहगडाएवढीच. म्हणून पुण्याची पोरं त्यावर तुटून पडतात. सिंहगडसारखाच तो मध्येच सौम्य होऊन शेवटी दात दाखवतो. २०१२ च्या यूएसए प्रो सायकलिंग चॅलेंज या शर्यतीचा एक टप्पा याच डोंगरावर संपला होता आणि इथेच राहणाऱ्या रोरी सदरलँडने तो जिंकला. माझं म्हणणं, पहिल्या महिन्यात अर्ध्यावरच्या ॲम्फीथिएटरपर्यंत जा, गाव बघा, खाली या. चढण्यापेक्षा उतरताना जास्त सावध राहा, वळणं आंधळी आहेत.

माझा स्वतःचा जीव मात्र लेफ्टहँड कॅन्यनवर आहे. उत्तरेला हायवे ३६ च्या रुंद शोल्डरवरून, म्हणजे कडेच्या पट्टीवरून जायचं आणि डावीकडे दरीत शिरायचं. ओढा सोबतीला असतो, चढ अंगावर येत नाही, पुण्याच्या बोपदेव घाटासारखा धक्का देत नाही, नुसता संपत नाही. पुढे फाटा फुटतो. उजवीकडे जेम्सटाउन, डावीकडे वॉर्ड. पहिल्या वर्षी जेम्सटाउन पुरे. छोटंसं खाणवाल्यांचं गाव, कॉफी मिळते, आणि चढ तिथेच थांबवता येतो. सप्टेंबर २०१३ च्या पुरात या दऱ्यांमधले रस्ते वाहून गेले होते. नंतर बांधलेले रस्ते चांगले आहेत, पण वरून ढग दिसले तर ओढ्याकाठी रेंगाळायचं नाही, हे इथल्या माणसांच्या हाडात बसलंय.

वॉर्डला जायचं तर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, आणि पहाटे. जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ रोज दुपारी वीज कडाडते. आपल्या पावसासारखी आधी वर्दी देऊन येत नाही. दुपारी बाराच्या आत खाली उतरायला लागलेलं असावं. आणि खिशात पातळ जॅकेट हवंच. घामेजलेल्या अंगाने वीस-पंचवीस किलोमीटर उतारावर आलं की भर जुलैत दात वाजतात. बर्फ पडून गेल्यावरचे दोन दिवस दऱ्यांच्या सावलीत काळा बर्फ, म्हणजे डांबरावर न दिसणारा पातळ थर असतो, तेव्हा उन्हाकडे बघून फसू नका.

चढ नको असेल त्या रविवारी उत्तरेला सपाटीवर हायजीन नावाच्या गावी जा. हो, नावच तसं आहे. एकोणिसाव्या शतकात क्षयरोग्यांसाठी तिथे आरोग्यधाम होतं त्यावरून पडलं. बायकोला आणि नुकत्याच सायकल शिकलेल्या मित्राला हाच रस्ता दाखवा.

आता माउंटन बाइक. इथे नवे लोक एक चूक करतात. डोंगर दिसला की वाट दिसेल तिथे सायकल घालतात. शटाक्वा पार्कच्या आणि गावाला लागून असलेल्या पश्चिमेकडच्या बहुतेक पायवाटांवर सायकलला बंदी आहे, दंड होतो. ट्रेलहेडवरची, म्हणजे वाटेच्या तोंडाची पाटी आधी वाचा. बेटॅसोची वाट नवशिक्यांना सर्वांत चांगली, पण बुधवारी आणि शनिवारी तिथे सायकल चालत नाही. त्या दिवशी ती चालणाऱ्यांची असते. तिथे फिरायची दिशाही ठरलेली असते, फलकावर बघून घ्या. मार्शल मेसा मोकळी आणि सोपी, पण पाऊस-बर्फानंतर तिची चिकणमाती काळ्या रानासारखी चाकाला धरते. सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं, आणि चिखलात वाटेवर चाकोरी पाडणाऱ्याला इथे फार वाईट समजतात. लायन्स गावाजवळचं हॉल रँच दगडांनी भरलेलं आहे, वर्षभर तरी थांबा. वॉकर रँचच्या वर्तुळात एका ठिकाणी ओढ्यापर्यंत खडी पायऱ्यांची वाट आहे, तिथे मोठमोठे लोकही उतरून चालतात, लाज बाळगू नका. सायकल तंत्र शिकायचंच असेल तर गावातला व्हॅलमाँट बाइक पार्क आहे, प्रवेश फुकट. माझ्यासारखा चाळिशीत शिकणारा आठ वर्षांच्या पोरींकडून तिथे गुमान शिकतो.

वाटेवर चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी जागा द्यायची, चढून येणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची. उन्हाळ्यात रॅटलस्नेक हा विषारी साप वाटेवर ऊन खात पडलेला असतो. त्याच्या अंगावरून सायकल नेण्याचा विचार मनात आणू नका, थांबा, तो जातो.

सायकल नवी घेऊ नका. कम्युनिटी सायकल्स म्हणून इथली एक संस्था आहे, तिथे जुनी सायकल मिळते आणि स्वतःच्या हाताने दुरुस्ती शिकता येते. पहिली माझी तिथलीच. नव्या सायकलसाठी पैसे साठवायचे असतील तर त्यातले थोडे जाड यू-लॉकवर घाला. केबलचं कुलूप चोराला दोन मिनिटांचं काम असतं, आणि चोरी इथे होते, बोल्डर कितीही साजरं दिसलं तरी.

टायरचं एक राहिलं. आपल्या माळरानावर अनवाणी खेळलेल्याला सराटे ठाऊक असतील, गोखरूचे ते काटे. तोच सराटा इथे गोटहेड नावाने रस्त्याच्या कडेला पसरलेला आहे. उन्हाळा संपता संपता वाळला की एका फेरीत दोन्ही चाकं पंक्चर होतात. ट्यूबमध्ये सीलंट भरा किंवा टायर ट्यूबलेस करा. काटा दिसला तर घरी जाईपर्यंत ओढून काढू नका, तोच बूच म्हणून काम करतो. माझ्या पहिल्या सप्टेंबरात दुरुस्तीच्या दुकानात एका टायरमधून अकरा सराटे निघाले होते. ते बघून मला एकदम जेजुरीच्या रस्त्याची आठवण झाली. दुकानातल्या पोराला कळेना की हा माणूस पंक्चर बघून हसतोय का.