बंद कारखान्याच्या जागेवर बाग करायची तर सुरुवात कुठून करायची

कारखान्याची जुनी जागा मोकळी मिळाली की पहिली घाई असते ती जेसीबी बोलवायची. ती करू नका. आधी जागेचा नकाशा घ्या आणि पेन्सिलने का होईना पण मांडा की मुलं कुठे खेळणार, गाड्या कुठे लागणार, भाजीचे वाफे कुठे, हॉल बांधायचाच असेल तर कुठे. जमीन "साफ" झाली की नाही हे तिथे कोण बसणार, किती वेळ बसणार आणि काय करणार यावर ठरतं, म्हणजे ज्या मातीवर पार्किंग बिनधास्त चालतं त्याच मातीत दोन वर्षांचं पोर बसून हात तोंडात घालणार असेल तर ती चालत नाही. शिशाचंच बघा, अमेरिकेत राहत्या जागेच्या मातीसाठी बरीच वर्षं किलोमागे 400 मिलिग्रॅम हा तपासणीचा आकडा (त्याच्या वर गेलं की जास्त खोलात बघायचं) वापरायचे, 2024 मध्ये तो 200 वर आणला, आणि तो मुख्यतः लहान मुलांकडे बघूनच. त्यामुळे तुमच्या भागात कुठल्या वापराला कुठली मर्यादा लागू आहे हे आधी विचारून घ्या.

मग जागेचा इतिहास काढा. हे काम कंटाळवाणं आहे पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचं हेच. जुने नकाशे, हवाई फोटो, परवान्यांच्या फाइली, आणि शक्य असेल तर तिथे काम केलेली माणसं. कंपनी काय बनवायची एवढं विचारून थांबू नका, धुतलेलं पाणी कुठे सोडायचे, ड्रम कुठे रचायचे, जमिनीखाली टाकी होती का, राख कुठे टाकायचे, हे विचारा. कारखान्याच्या कागदावर नसलेला खड्डा जुन्या फोरमनला बरोबर आठवतो.

कारखान्याच्या जातीवरून काय सापडणार याचा अंदाज येतो. चामड्याच्या कारखान्यात क्रोमियम, प्लेटिंगवाल्यांकडे क्रोमियम, निकेल आणि सायनाइड, बॅटरीवाल्यांकडे शिसं, जुन्या ट्रान्सफॉर्मरपाशी पीसीबी (त्यांच्या तेलातलं विषारी रसायन), लाकडाला औषध मारायचे तिथे आर्सेनिक नाहीतर क्रिओसोट (डांबरातून काढलेलं तेल), पेट्रोलच्या टाकीखाली बेन्झीन. कोळशापासून गॅस करायच्या जागी डांबर तर असतंच, पण खणताना कधीकधी माती चक्क निळी निघते, शाई सांडल्यासारखी. गॅस शुद्ध करायला वापरलेलं लोहाचं ऑक्साइड सायनाइडची संयुगं धरून बसतं, त्याचा तो रंग. अशी माती दिसली तर हात लावू नका, काम थांबवा. आणि इमारती अजून उभ्या असतील तर पाडायच्या आधी अ‍ॅस्बेस्टॉस आणि शिसं असलेला रंग तपासून घ्या, नाहीतर जमिनीत नव्हती ती घाण तुम्हीच जमिनीत घालाल.

आता सॅम्पल. सगळ्या जागेवर चौकटी आखून बोअर घ्यायचे आणि संशयाच्या ठिकाणी जास्तीचे. वरच्या थरातून वेगळं, खालून वेगळं, भूजलासाठी निरीक्षण विहिरी वेगळ्या. पैसे वाचवायला दहा ठिकाणची माती एकत्र कालवून एकच सॅम्पल लॅबला देतात, तसं सरसकट करू देऊ नका, एका कोपऱ्यातलं जहर नऊ कोपऱ्यांच्या चांगल्या मातीत पातळ होऊन रिपोर्ट छान येतो. उडून जाणारी रसायनं असतील तर माती पिशवीत भरून उन्हात ठेवली की लॅबला पोचेपर्यंत अर्धी हवेत गेलेली असतात, ती लगेच घट्ट झाकणाच्या बाटलीत आणि बर्फात. धातूंसाठी हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) मिळतं, त्याने जागेवर पटापट अंदाज येतो, पण शेवटचा शब्द लॅबचाच.

रिपोर्ट हातात आला की तीन प्रश्न विचारायचे. घाण कुठे आहे, ती माणसापर्यंत कुठल्या वाटेने येते, आणि पोचते कोणापर्यंत. यातलं एक जरी तोडलं तरी धोका तुटतो. म्हणून सगळी माती उचलून दुसरीकडे नेणं हा एकच मार्ग नाही, उलट तो बऱ्याचदा सगळ्यात महाग असतो आणि घाण फक्त पत्ता बदलते. खूप वाईट ठिगळं तेवढी उचला, बाकीचं झाका. झाकायचं म्हणजे नुसती लाल माती पसरायची नाही. खाली जिओटेक्स्टाइल म्हणजे जमिनीत घालायचं जाड कापड, त्यावर नारिंगी जाळी म्हणजे पुढे कोणी खणलं तर कळेल की इथे थांबायचं, मग वर साधारण 60 सेंटिमीटर ते 1 मीटर तपासलेली माती. "तपासलेली" हा शब्द ठेकेदाराला दोनदा सांगा, बाहेरून आणलेला भराव कुठल्यातरी दुसऱ्या कारखान्यातला निघू शकतो.

तेलकट माती जागेवरच सुधारता येते. ढीग लावून हवा, ओल आणि खत द्यायचं, जंतू तेल खातात. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या गॅस वर्क्स पार्कमध्ये, 1956 मध्ये बंद पडलेल्या गॅस कारखान्याच्या जागेवर, बागेचे आराखडाकार रिचर्ड हाग यांनी मातीत सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळून हेच केलं आणि 1975 मध्ये बाग उघडली. पण 1984 मध्ये पुन्हा तपासणीसाठी ती काही काळ बंद ठेवावी लागली, म्हणजे जंतूंवर सगळं सोडून निवांत बसता येत नाही. धातू तर जंतू खातच नाहीत, त्यांना सिमेंट वगैरे घालून बांधून टाकतात नाहीतर माती धुतात.

सूर्यफूल, मोहरी लावून जमीन शुद्ध करू असं कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणणारच. फोटो छान येतात, खोटं नाही, आर्सेनिक ओढणारं एक नेचं खरंच आहे. पण याला वर्षानुवर्षं लागतात, मुळं जातील तेवढ्याच खोलीचं काम होतं, तोवर कुंपण लागतं, आणि कापलेली झाडं स्वतःच कचरा होतात, ती जनावरांना घालून चालत नाही.

जागेची मांडणी घाणीप्रमाणे करा, हे माझं ठाम मत. जर्मनीत डुइसबुर्गला 1985 मध्ये बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याची बाग करताना आराखडाकार पीटर लाट्झ यांनी भट्ट्या तशाच ठेवल्या, गॅसच्या टाकीत पाणी भरून डायव्हिंग सुरू झालं, कच्चा माल साठवायच्या जुन्या बंकरच्या भिंतींवर लोक चढतात आणि जास्त दूषित माल काही बंकरमध्ये बंद करून टाकला. तुमच्याकडेही सगळ्यात खराब कोपऱ्यावर काँक्रीटचं स्केटिंग मैदान येऊ दे. भाजी लावायची तर तळ असलेल्या उंच वाफ्यात. पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा दूषित मातीवर चुकूनही नको, पाणी घाण घेऊन थेट भूजलात जातं. आणि ट्रायक्लोरोइथिलीनसारखं ग्रीस काढायचं द्रावण सापडलं असेल तर हॉलच्या फरशीखाली वाफ अडवायचा पडदा हवाच, ते पाण्यापेक्षा जड म्हणून खोल बसतं पण त्याची वाफ भेगांतून वर येते.

काम चालू असताना माती ओली ठेवा, ट्रकची चाकं धुऊनच बाहेर सोडा, धूळ मोजायचं यंत्र कुंपणावर लावा आणि शेजाऱ्यांना आकडे रोज दाखवा.

बाग उघडल्यावरची कामं कोणी करायची हे आधीच लिहून घ्या: विहिरींचं पाणी तपासणं, झाकलेल्या थराला चीर पडली का बघणं, मोठी मुळं असलेली झाडं कुठे लावायची नाहीत ते पाळणं. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल वस्तीत कारखान्याची रसायनं चिकणमातीखाली पुरली होती, 1953 मध्ये जमीन शाळेसाठी दिली तेव्हा कागदावर रसायनांचा उल्लेखही होता, तरी पुढच्या बांधकामात झाकण फोडलं गेलं आणि 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावं लागलं. म्हणून नकाशा जमिनीच्या दस्तात नोंदवाच, पण त्याची एक प्रत माळ्याकडे, एक दिव्यांचे खांब लावणाऱ्याकडे आणि एक पाइप टाकणाऱ्याकडे द्या, नारिंगी जाळी किती खोल आहे ते त्यावर मोठ्या अक्षरात लिहून.