जुन्या कॉम्प्युटरमधून ट्रेकच्या बॅगेत काय जाऊ शकतं

भंगारवाल्याला कॉम्प्युटर द्यायच्या आधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या, लॅपटॉप असेल तर बॅटरी आणि पंखा पण. सह्याद्रीत खरंच कामाला येतील अशा वस्तू एवढ्याच, बाकी नुसतं ओझं.

सगळ्यात भारी वस्तू म्हणजे हार्ड डिस्कची तबकडी. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क घ्या, टी८ टॉर्क्सचा (सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचा) पाना लागेल, आणि सगळे स्क्रू काढूनही झाकण हलेना तर स्टिकरवरून बोट फिरवा, जिथे खड्डा लागेल तिथे एक स्क्रू लपलेला असतो. आतली चकती साधारण ९५ मिमीची, दोन्ही बाजूंनी आरसाच, मधे भोक. डेस्कटॉपची तबकडी बहुतेक ॲल्युमिनियमची असते, लॅपटॉपची बऱ्याचदा काचेची, ती वाकवायला गेलात की फुटून बारीक काचा उडतात, म्हणून ती नकोच. दरीत रेंज नसते तेव्हा हीच वापरायची. तबकडी डोळ्याजवळ धरून भोकातून बघा, दुसरा हात लांब करून दोन बोटांच्या बेचक्यात समोरचा माणूस किंवा वाडी पकडा, उन्हाचा कवडसा त्या बोटांवर आणा आणि हळूच हलवा. मिनिटात सहा चमका, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा, हा डोंगरातला मदतीचा ठरलेला इशारा आहे, समोरून मिनिटाला तीन चमका आल्या तर त्यांनी बघितलंय. ओरखडे पडू नयेत म्हणून जुन्या मोज्यात ठेवा.

त्याच डिस्कमधे दोन लोहचुंबक असतात, फार ताकदवान, बोट मधे सापडलं तर चांगलंच चिमटतं, पेसमेकरवाल्यांनी तर लांबच राहा. शिवणाच्या सुईवर नेढ्याकडून टोकाकडे, एकाच दिशेने तीसचाळीस वेळा घासा, सुक्या पानाच्या तुकड्यावर ठेवून वाटीतल्या पाण्यात सोडा, सुई उत्तर-दक्षिण थांबते. कुठलं टोक उत्तरेला जातं ते घरीच बघून लक्षात ठेवा. चुंबक मात्र घरीच ठेवा, बॅगेत असला तर फोनमधला कंपास पण चुकीचा दाखवतो.

आता बॅटरी, इथे घाई अजिबात नको. जाड पॅक असेल तर आत १८६५० सेल असतात, १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. पॅक मेला तरी सगळे सेल मेलेले नसतात. प्लास्टिक उघडताना सेलला टोचू नका, दोन टोकं धातूने जोडली जाऊ देऊ नका. मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा, २.५ व्होल्टच्या खाली असेल तर तो सेल बाद. बाकीचे लिथियमच्या चार्जरवर ४.२ व्होल्टपर्यंत समोर बसून चार्ज करा, जो गरम होईल तो बाद, आठवडाभर ठेवून चारच्या खाली उतरला तो पण बाद. उरलेले १८६५० वर चालणाऱ्या टॉर्चमधे घाला, फक्त लो-व्होल्टेज कटऑफवाली, म्हणजे सेल फार उतरला की आपोआप बंद होणारी टॉर्च बघा, कारण या सेलला स्वतःचं प्रोटेक्शन नसतं. शिवाय हे सेल फ्लॅट टॉपचे, म्हणजे वरच्या टोकाला उंचवटा नसलेले असतात, काही टॉर्चमधे टेकतच नाहीत, घेतानाच लावून बघा. चपटी, फुगलेली बॅटरी उघडायची नाही, सरळ ई-कचऱ्यात. रात्री किंवा ढगात तबकडी बिनकामाची, तेव्हा याच टॉर्चने तोच सहाचा इशारा द्यायचा.

पंखा शेकोटी फुंकायला. लॅपटॉपचा पंखा बहुतेक ५ व्होल्टचा असतो, म्हणजे पॉवर बँकेवर थेट चालतो. जुनी यूएसबी केबल कापून लाल वायर लालला, काळी काळ्याला, बाकीच्या मोकळ्या सोडा पण टेप लावून. पुढे हातभर लोखंडी नळी बसवली की पंखा आगीपासून लांब राहतो आणि ओली लाकडं पण धरतात, पावसाळ्यात फुंकून फुंकून डोळे लाल होतात ते वाचतं. अभयारण्यात आगीला बंदी असते, तिथे हा काढायचाच नाही.

लॅन केबलमधल्या तांब्याच्या तारा तुटलेला पट्टा बांधायला चालतात, पण माणसाचा भार त्यावर कधीच नाही. पॉवर सप्लाय उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर झटका देतात. आणि सर्किट बोर्ड शेकोटीत टाकू नका, तो धूर विषारी असतो.