सेकंडहँड हिमालयन ४११ घेताय? मग ती सांभाळायची कशी ते वाचा

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आली २०१६ साली, मग २०२३ च्या शेवटी ४५० आली आणि ४११ बंद झाली, त्यामुळे आता ज्याला ही गाडी हवीय त्याला जुनीच शोधावी लागते. आणि माझं स्पष्ट मत आहे की अजूनही घ्यावी. ४११ सीसीचा एकच पिस्टन, हवा आणि ऑइलवर थंड होणारं साधं इंजिन, रेडिएटर नाही, कूलंट नाही, पुढे २१ इंची चाक आणि बरंच काम घरच्या अंगणात स्वतः करता येतं. फक्त एक डोक्यात ठेवा, हे इंजिन सहजासहजी मरत नाही, मरतं ते त्याच्या आजूबाजूचं. चेन, बेअरिंग, स्पोक, नटबोल्ट. लोक ऑइल वेळेवर बदलतात आणि बाकीच्याकडे बघतच नाहीत.

गाडी बघायला गेलात की आधी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, तपासा. मेन स्टँडवर लावा, मागे कुणालातरी बसवा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. आता हँडल दोन बोटांनी हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मधे, म्हणजे सरळ रस्त्याला हँडल जिथे असतं तिथे, जरा अडकल्यासारखं वाटलं, खाचेत बसल्यासारखं, तर कोनसेट गेला. मग पुढच्या शॉकअपचे दोन्ही पाय खालून धरून पुढेमागे हलवा, कट्‌ आवाज आला तर ढिला आहे. नुसता ढिला असेल तर टाइट करून भागतं, खाच पडली असेल तर बदलायचाच, ग्रीस भरून काही होत नाही.

आता चेन, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. या गाडीचं मागचं सस्पेन्शन लांब हलतं, त्यामुळे स्टँडवर चेन बघितली की ती जरा जास्तच लोंबतेय असं वाटतं आणि माणूस पाना घेऊन ताणत बसतो. पण तुम्ही बसलात, मागे सामान बांधलं, खड्ड्यात मागचं चाक वर गेलं, की पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा पिव्हट (मागचं चाक धरणारा हात जिथे फ्रेमला जोडलेला असतो तो सांधा) आणि मागचा अॅक्सल (चाकाचा दांडा) एका रेषेत येतात आणि त्या क्षणी चेन सगळ्यात ताणलेली असते. तेव्हा तिच्यात ढील शिल्लक नसेल तर सगळा झटका गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो, आणि ते काम निघालं की इंजिन उघडावं लागतं. म्हणून मॅन्युअलमध्ये जेवढी ढील सांगितलीय तेवढीच ठेवायची, आणि मोजताना चाक फिरवून चेन जिथे सगळ्यात टाइट आहे तिथे मोजायची. थोडी ढिली चालेल, जास्त टाइट अजिबात नको. दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आहेत ना बघा आणि मगच अॅक्सलचा नट आवळा. साफ करायला चेन क्लीनर नाहीतर रॉकेल आणि मऊ ब्रश, पेट्रोल नको, आतल्या रबरी रिंगा खराब होतात. वरून चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल. आणि हात जोडून सांगतो, गाडी चालू करून गिअरमध्ये टाकून चेन पुसू नका, अशाने बोटं जातात. चाक हातानेच फिरवायचं.

एकाच पिस्टनच्या मोठ्या इंजिनाला थरथर असतेच, ती बंद होत नाही, तिच्यासोबत राहायचं. कॅरिअर, क्रॅशगार्ड, आरसे, सायलेन्सर, नंबरप्लेट यांचे बोल्ट महिन्यातून एकदा पान्याने तपासा. जे सारखे ढिले होतात त्यांना निळं लॉकटाइट (बोल्टच्या आट्यांना लावायचा गोंद) लावा, आणि मार्करने बोल्टपासून फ्रेमवर एक रेष ओढून ठेवा, रेष तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय, पानाही लागत नाही तपासायला.

इंजिन ऑइल १५डब्ल्यू५० ग्रेडचं, ते किती आहे हे गाडी चालवून आल्यावर थोडा वेळ थांबून मेन स्टँडवर इंजिनच्या उजव्या बाजूच्या काचेत बघायचं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, इंजिन पूर्ण थंड असतानाच सेट करून घ्या, आणि मेकॅनिक आवाज बंद करायला ते जास्त आवळत असेल तर थांबवा, कारण हलकी टकटक चालते पण आवळलेला व्हॉल्व्ह आवाज न करता जळतो.

चाकं ट्यूबची आहेत म्हणून ऑफरोडला हवा फार कमी करू नका, दगडावर रिम आणि टायरमधे चिमटून ट्यूब दोन ठिकाणी फाटते. स्पोकवर पान्याने टिचकी मारत जा, सगळे साधारण एका सुरात वाजले पाहिजेत, एखादा भद्द वाजला तर तो ढिला. सोबत २१ इंची ट्यूब ठेवाच, गावातल्या पंक्चरवाल्याकडे ती सहसा नसते, आणि मागच्या १७ च्या टायरमध्येही ती कोंबून हळूहळू घरापर्यंत येता येतं.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं कारण ताम्हिणी, वरंध, आंबोली करणारे आपण सगळेच. कोकणातला लाल चिखल ब्रेक पॅडच्या मागे आणि मागच्या शॉकच्या लिंकेजमध्ये (शॉकला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या सांध्यांत) जाऊन बसतो. तो साध्या पाइपने धुवा, वॉशिंग सेंटरचं प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर आणि कोनसेटवर मारू देऊ नका, सीलमधून पाणी आत जातं आणि ग्रीस निघून जातं. पावसाळा संपला की लिंकेज उघडून नवीन ग्रीस भरून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी पिना गंजून हातोड्यानेच निघतात. ओढ्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका! सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढा, एअर फिल्टर बघा, ओला असेल तर प्लग काढून मगच सेल्फ मारा, पाणी उडून बाहेर येईल. नंतर ऑइलच्या काचेत दुधाळ दिसलं तर ऑइल बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही, कितीही उशीर झालेला असो.

सोबतच्या पिशवीत टायर लिव्हर, छोटा पंप, प्लगचा पाना, मागच्या अॅक्सलचा पाना आणि क्लचची जास्तीची केबल एवढं असू द्या. ही केबल जुन्या केबलला चिकटून आधीच गाडीत ओवून ठेवली तर घाटात अंधारात टाकी उचलायची वेळ येत नाही.