ओपिऑइड वेदनाशामकांचं मॉडेल: वयाचा हिशेब करताना या चुका टाळा

मॉर्फिन या ओपिऑइडचं (अफूवर्गीय वेदनाशामकाचं) मॉडेल, म्हणजे शरीरात औषधाचं काय होतं याचं गणित, ७० किलोच्या माणसावर बसवायचं आणि बाळासाठी आकडे नुसत्या वजनावरून खाली आणायचे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. वय तीन ठिकाणी वेगवेगळं काम करतं: औषध शरीराबाहेर टाकण्याच्या वेगात, मेंदूत शिरण्यात आणि रिसेप्टरच्या (औषध ज्याला चिकटून काम करतं त्या रेणूच्या) प्रतिसादात. तिन्हींना एकच गुणक लावू नका.

मूत्रपिंडापासून सुरुवात करा. मॉर्फिनपासून बनणारं मॉर्फिन-६-ग्लुक्युरोनाइड स्वतः वेदनाशामक आहे आणि ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं. ३.५ किलोच्या, पूर्ण दिवस भरलेल्या बाळाची गाळणक्षमता सरळ वजनाने काढली तर मोठ्या माणसाच्या ५% येते, वजनाला ०.७५ घात लावला तर १०.६%. दोन्ही जास्तच. परिपक्वतेचं सूत्र (परिपक्वता निम्म्यावर येण्याचं वय ४७.७ आठवडे, वाढीचा चढ ठरवणारा हिल घातांक ३.४) गुणलं की उरते ३.७५%. या सूत्रात वय आईच्या शेवटच्या पाळीपासून धरायचं. ३४ आठवड्यांचं आणि ४० आठवड्यांचं, दोन्ही बाळांच्या केसपेपरवर 'वय १ दिवस' लिहिलेलं असतं; परिपक्वता मात्र एकाची २४%, दुसऱ्याची ३५%. मॉर्फिनचं यकृतातलं क्लिअरन्स (औषध काढून टाकण्याचा वेग) मुख्यतः यूजीटी२बी७ एन्झाइमवर चालतं. त्याला मूत्रपिंडाचे आकडे उसने देऊ नका.

नंदुरबारकडचा डेटा असेल तर तिथे बराच आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रकाना वेगळा ठेवाच. या आजारात लहान वयात मूत्रपिंड नेहमीपेक्षा जास्त गाळतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलाला निरोगी मुलाचे आकडे लावले, तर औषध अजून रक्तात आहे असं मॉडेल सांगेल आणि पोर मात्र दुखण्याने तळमळत असेल.

मॉडेलमधल्या मेंदूच्या कप्प्यात एकूण नव्हे, मुक्त (प्रथिनांना न चिकटलेलं) औषध घाला. फेंटॅनिल हे दुसरं ओपिऑइड रक्तात बरंचसं प्रथिनांना चिकटलेलं असतं, आणि नवजात बाळात त्यातलं अल्फा-१ ॲसिड ग्लायकोप्रोटीन कमी असतं, म्हणून मुक्त भाग जास्त. औषध मेंदूबाहेर ढकलणारा पी-ग्लायकोप्रोटीन पंपही जन्मावेळी कमजोर. मेंदू-पाठीच्या कण्यातला द्रव सगळ्यांना १५० मिली धरणंही चूक. तान्ह्या बाळात तो किलोमागे सुमारे ४ मिली, मोठ्यांत २ मिली.

म्हाताऱ्यांत गडबड उलट्या बाजूने होते: फक्त क्लिअरन्स कमी केलं जातं. रेमिफेंटॅनिल या ओपिऑइडच्या १९९७ च्या मिंटो मॉडेलमध्ये वय २० वरून ८५ वर गेलं की क्लिअरन्स एक-तृतीयांशाने घटतं. पण निम्म्या परिणामाला लागणारं औषधाचं रक्तातलं प्रमाण आणि रक्त-मेंदू समतोलाचा वेग, दोन्ही जवळपास अर्धे होतात. म्हणजे डोस कमी लागतो, आणि परिणाम दिसायला वेळही जास्त. हा उशीर मॉडेलमध्ये नसेल तर ते दुसरा डोस घाईने सुचवतं.

सगळ्याच वयांत मॉडेल रक्तातल्या मोजमापापेक्षा औषध एक-तृतीयांश जास्त दाखवत असेल, तर वयाला हात लावण्याआधी अँप्यूलचं लेबल वाचा. १० मिग्रॅ मॉर्फिन सल्फेट पेंटाहायड्रेटमध्ये मॉर्फिन बेस (क्षार वगळून मूळ मॉर्फिन) ७.५ मिग्रॅच असतो.